बुडबुड्याची चाहूल

(भोर येथे एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते विज्ञानाचे शिक्षक होते. फळ्यावर लिहिलेलं हाताने करून बघावं, हा त्यांचा आग्रह आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यांना शोभेल असा विषय निवडायचा तर तो इथल्या पाण्याचा असावा आणि इथल्या मुलांना स्वतः करून बघता येईल असा असावा, असं मला वाटलं. म्हणून आज मी पाण्यातल्या बुडबुड्यांबद्दल बोलणार आहे.

प्रश्न साधा आहे. पाण्यात श्राव्यातीत ध्वनीच्या, म्हणजे सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपनं असलेल्या लहरी सोडल्या आणि त्यांचा जोर हळूहळू वाढवत नेला, तर एका पातळीला पाण्यात सूक्ष्म पोकळ्या उमटतात, फुगतात आणि मिटतात. या घटनेला कॅव्हिटेशन म्हणतात. ती सुरू झाली, हे नेमकं कशावरून ओळखायचं? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. इतक्या जोराला कॅव्हिटेशन सुरू होतं, असा पाण्याचा कायमचा आकडा नसतो. जो आकडा मिळतो तो त्या दिवशीच्या, त्या भांड्यातल्या, त्या पाण्याचा असतो, आणि आपण कोणत्या खुणेवर विश्वास ठेवला त्यावरही तो अवलंबून असतो. म्हणून खुणा तपासून घ्याव्या लागतात, आणि एका खुणेवर निकाल देऊन चालत नाही.

हा प्रश्न भोर-वेल्ह्यात का मांडायचा? आपले दोन्ही तालुके पाण्याचे आहेत. वेळवंडीवरचं भाटघर, नीरेवरचं नीरा-देवघर, आंबीवरचं पानशेत, मोशीवरचं वरसगाव, कानंदी-गुंजवणीच्या खोऱ्यातलं गुंजवणी. भाटघरच्या येसाजी कंक जलाशयात साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं आणि धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॉटचं वीजघर आहे. पानशेत आणि वरसगावला प्रत्येकी ८ मेगावॉटची वीजघरं आहेत. वेगाने फिरणाऱ्या पात्याजवळ पाण्याचा दाब फार घसरला की तिथेही अशाच पोकळ्या पडतात आणि त्या मिटताना पोलाद कुरतडतात. पोकळी ध्वनीने पाडली काय किंवा वेगाने पाडली काय, ती मिटण्याचं शास्त्र एकच आहे. तेव्हा टर्बाइनवर काम करणाऱ्याचा आणि प्रयोगशाळेत बसलेल्याचा प्रश्न सारखाच असतो: सुरू झालं का?

या विद्येची सुरुवात एका फसलेल्या वेगाने झाली. १८९३-९४ च्या सुमारास ब्रिटिश आरमाराची ‘डेअरिंग’ ही नौका चाचणीत अपेक्षित वेग गाठेना. इंजिन जोर लावत होतं, पंखा फिरत होता, पण पंख्याच्या पात्यांमागे पाणी तुटून पोकळ्या पडत होत्या आणि जोर वाया जात होता. पात्यांचं क्षेत्रफळ वाढवल्यावर नौका हवा तो वेग घेऊ लागली. पुढे स्टीम टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांनी ‘टर्बिनिया’ नौकेसाठी १८९५ च्या सुमारास एक छोटा बंदिस्त जलमार्ग बांधला आणि त्यात फिरणाऱ्या पंख्यामागच्या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या. १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी रिकामी पोकळी मिटते कशी, याचं गणित मांडलं. त्या गणितानुसार एक मिलिमीटर त्रिज्येची पोकळी साध्या वातावरणीय दाबाखाली सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून कमी वेळात मिटते, आणि अखेरच्या टप्प्यात तिच्या सभोवतालचा दाब प्रचंड वाढतो. १९२७ मध्ये अमेरिकेत रिचर्ड्स आणि लूमिस यांनी तीव्र श्राव्यातीत लहरींचे रासायनिक परिणाम दाखवले. तिथून पुढे ध्वनीने पडणाऱ्या पोकळ्यांचा अभ्यास स्वतंत्रपणे वाढला.

आता पाण्यात काय घडतं ते पाहू. ध्वनीची लहर पाण्याला आळीपाळीने दाबते आणि ओढते. ओढीच्या अर्ध्या फेरीत पाण्यातला दाब कमी होतो. लहरीचा जोर वातावरणाच्या दाबाहून जास्त झाला तर ओढीच्या क्षणी पाण्यावर उलटा ताण येतो, ते खेचलं जातं. यासाठी फार मोठी शक्ती लागत नाही. समुद्रसपाटीला एक वातावरण एवढा दाबाचा आयाम म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक-तृतीयांश वॉट इतकी ध्वनीची तीव्रता. चष्म्याच्या दुकानात चष्मे धुण्याचं, सराफाकडे दागिने उजळण्याचं छोटं अल्ट्रासॉनिक यंत्र ही पातळी सहज ओलांडतं.

सभोवतालचा दाब इथे महत्त्वाचा आहे, आणि आपल्या भागात तो जागोजागी बदलतो. तोरणा समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरच्या आसपास उंच आहे. त्याच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ८५ टक्के भरतो आणि पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे बाकी सगळं सारखं ठेवलं तर ओढ सुरू व्हायला तोरण्यावर वेल्ह्यापेक्षा कमी जोर पुरेल. उलट भाटघरच्या जलाशयात दहा मीटर खोल गेलं की वरच्या पाण्याचा जवळजवळ एक वातावरण दाब वाढतो, तिथे जास्त जोर लागेल. तापमानाचंही तसंच आहे. २० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब फक्त २.३ किलोपास्कल असतो, ६० अंशांना तो २० किलोपास्कलच्या घरात जातो. गरम पाण्यात पोकळी लवकर पडते, पण तिच्यात वाफ भरलेली असल्याने ती मिटते मात्र हळुवार.

पण नुसता ताण आला म्हणून पाणी तुटत नाही. अतिशुद्ध पाण्याची ताण सोसण्याची ताकद थक्क करणारी आहे. १९५० मध्ये लायमन ब्रिग्ज यांनी काचेच्या केशनळीत पाणी भरून ती वेगाने गरगर फिरवली आणि १० अंश तापमानाला ते २७७ बारपर्यंतचा ताण सोसतं, असं दाखवून दिलं. आपल्या नळाचं पाणी एक-दोन बारलाच हार मानतं. इतका फरक कशाने पडतो? पाण्यात आधीपासून असलेल्या हवेच्या सूक्ष्म कणांनी. पोकळी शून्यातून जन्मत नाही, तिला बीज लागतं.

हे बीज कसं टिकतं, ही मोठी मजेची गोष्ट आहे. मोकळा बुडबुडा पाण्यात टिकायला नको. दहा मायक्रॉन त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला पाव मिलिमीटरपेक्षा थोड्या कमी वेगाने वर चढतो, म्हणजे काही तासांत भांडं बुडबुड्यांपासून मोकळं व्हायला हवं. एक मायक्रॉनचा बुडबुडा चढण्याआधीच विरघळतो, कारण पाण्याचा पृष्ठताण त्याला सुमारे दीड वातावरण जादा दाबाने आवळत असतो. तरीही रात्रभर निवांत ठेवलेल्या पाण्यात बीजं असतात. १९४४ च्या सुमारास न्यूटन हार्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं स्पष्टीकरण दिलं. मातीच्या, धुळीच्या कणांना आणि भांड्याच्या भिंतीला बारीक भेगा असतात. पाणी न चिकटणाऱ्या अशा भेगांच्या तळाशी हवा अडकून राहते. तिथे पाण्याचा पृष्ठभाग आतल्या बाजूला वळलेला असल्याने पृष्ठताण हवेला चिरडत नाही, उलट सांभाळतो. लहरीची ओढ आली की तीच हवा भेगेबाहेर डोकावते आणि पोकळी सुरू होते.

यावरून एक महत्त्वाचं अनुमान निघतं: पाण्याला इतिहास असतो. १९५९ मध्ये स्ट्रासबर्ग या संशोधकाने नळाच्या पाण्यातल्या श्राव्यातीत कॅव्हिटेशनच्या सुरुवातीचा नेटका अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी किती वेळ निवांत ठेवलं, त्यात किती हवा विरघळलेली आहे, त्यावर आधी जादा दाब देऊन झाला होता का, या सगळ्यांनी सुरुवातीचा उंबरठा बदलतो, असं त्यातून दिसलं. आधी दाब दिला की भेगांतली हवा विरघळते, बीजं कमी होतात आणि त्याच पाण्यात पोकळी पाडायला नंतर जास्त जोर लागतो.

आता आपल्याकडची पाणी डोळ्यांसमोर आणा. आषाढात डोंगरावरून लाल माती घेऊन उतरणारा ओढा, दगडातून झिरपणारा झरा, गडावरचं खोदीव टाकं, शेतातली बोअर, धरणाच्या तळातून सुटलेलं पाणी, आणि उकळून निवलेलं हंड्यातलं पाणी. गढूळ ओढ्याच्या पाण्यात कण भरपूर, खळाळून हवा मिसळलेली, म्हणजे बीजं मुबलक. उकळून निवलेल्या पाण्यातली बरीच हवा निघून गेलेली. धरणाच्या तळाचं पाणी कित्येक दिवस जादा दाबाखाली राहिलेलं. एकाच यंत्रात एकाच जोराला ही पाणी वेगवेगळी वागतील, अशी अपेक्षा शास्त्र आपल्याला करू देतं. ती तपासण्याचं काम मात्र कुणीतरी इथेच बसून करायला हवं.

तपासायचं कशाने? इथे साक्षीदारांची गरज लागते. एकेकाची ओळख करून देतो.

पहिला साक्षीदार कान. चहाचं आधण ठेवल्यावर उकळी फुटण्याआधी पाणी सूं करून आवाज करतं आणि उकळी आली की आवाज उलट मऊ होतो. तळाशी झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरून पटापट मिटतात, त्याचा तो आवाज. श्राव्यातीत यंत्रातही लहर स्वतः ऐकू येत नाही, पण पोकळ्या मिटू लागल्या की फसफसल्यासारखा आवाज कानावर येतो. टर्बाइनजवळ उभा राहणारा अनुभवी माणूस खडी उडत असल्यासारखा आवाज ओळखतो, तोही याच जातीचा. कान हा खरा साक्षीदार आहे, पण तो उशिरा जागा होतो आणि त्याच्याकडे आकडे नसतात.

दुसरा साक्षीदार हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन. त्याने टिपलेल्या आवाजाचे तुकडे करून कोणत्या कंप्रतेला, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या कोणत्या संख्येला, किती जोर आहे हे पाहिलं की पाणी पायरीपायरीने बोलतं. आधी फक्त मूळ कंप्रता दिसते. मग तिच्या दुप्पट, तिप्पट कंप्रता उमटतात. त्यांवरून बुडबुडे आहेत अशी शंका येते, खात्री होत नाही, कारण जोरदार लहर बुडबुड्यांशिवायही अशा पटी तयार करू शकते. त्यानंतर एक अनपेक्षित पाहुणा येतो: मूळ कंप्रतेच्या बरोबर निम्म्यावर एक टोक उभं राहतं. १९५२ मध्ये जर्मनीत एशे यांनी कॅव्हिटेशनच्या आवाजात ही निमपट कंप्रता नोंदवली. जोराने थरथरणारा बुडबुडा दोन फेऱ्यांत एकदाच आपला ठेका पुरा करतो, तेव्हा ती उमटते. शेवटी सगळ्या कंप्रतांवर पसरलेली सलग खरखर वाढते. ती हजारो पोकळ्या वेडीवाकडी वेळ साधून मिटत असल्याची आणि आघातलहरी सुटत असल्याची खूण. निमपट टोक आणि सलग खरखर या दोन्हींना मी या विषयातले सर्वांत भरवशाचे पुरावे मानतो.

तिसरा साक्षीदार डोळा. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर आडवा प्रकाश टाकला तर पोकळ्यांच्या तंतूसारख्या रेघा दिसतात. पातळ ॲल्युमिनियमचा कागद यंत्रात टांगला तर त्याला आधी खड्डे आणि मग भोकं पडतात. कागदाची ही चाचणी जोर कुठे आहे ते छान दाखवते, पण भोक पडायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात पकडण्यात ती कच्ची. प्रकाशाचा आणखी एक उपयोग आपल्या देशात शोधला गेला. १९३५-३६ मध्ये बंगळुरूला चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी श्राव्यातीत लहरींतून जाणारा प्रकाश कसा विखुरतो, याचा सिद्धांत मांडला. त्याच्या आधाराने पाण्यात काहीही न बुडवता ध्वनीचा जोर मोजता येतो. हायड्रोफोन पाण्यात घातला की त्याच्याच अंगावर बुडबुडे धरतात, ही अडचण त्यात उरत नाही.

चौथा साक्षीदार रसायन. पोकळी मिटताना तिच्या आतलं तापमान क्षणभर हजारो अंशांवर जातं. तिथे पाण्याचा रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात ते आयोडीन मोकळं करतात आणि स्टार्च असेल तर निळसर रंग येतो. ल्युमिनॉल घातलं तर अंधारात निळी झाक दिसते. १९३४ मध्ये कोलोनला फ्रेंझेल आणि शुल्टेस यांनी फोटोच्या काचा ध्वनिभारित पाण्यात ठेवल्या, तेव्हा पाण्यातून येणाऱ्या क्षीण प्रकाशाने त्या काळवंडल्या होत्या. रसायनाची साक्ष फार मोलाची, कारण पोकळी नुसती थरथरली नाही, जोरात मिटली, असं तीच सांगते. पण ती साठत साठत येते, म्हणून सुरुवातीच्या क्षणावर बोट ठेवू शकत नाही.

पाचवा साक्षीदार यंत्र स्वतः. पाण्यात बुडबुडे झाले की पाण्याचा ध्वनीला होणारा विरोध बदलतो, आणि ट्रान्सड्यूसरला, म्हणजे विजेपासून ध्वनी तयार करणाऱ्या भागाला, लागणारा विजेचा प्रवाह डळमळतो. प्रवाह आणि व्होल्टेज एकत्र नोंदवले तर तो बदल सापडतो. तापमापकाची साक्ष मात्र मी ग्राह्य धरत नाही. पाणी तापलं यावरून ऊर्जा शिरली एवढंच कळतं, पोकळ्या पडल्या की नाही हे कळत नाही.

या साक्षींत मतभेद होतात, आणि ते खरे असतात. निमपट टोक दिसतं तेव्हा आयोडाइड अजून रंगहीन असू शकतं. डोळ्याला बुडबुडे दिसतात तेव्हा ते नुसते हवा सुटल्याचे असू शकतात. नव्याने भरलेल्या नळाच्या पाण्यात पहिल्या काही मिनिटांत हेच होतं: ध्वनीने विरघळलेली हवा बाहेर येते, बुडबुडे आळसावून वर तरंगतात. म्हणून निष्कर्षात कोणत्या खुणेवरून सुरुवात ठरवली हे लिहायलाच हवं. मी किमान दोन खुणा मागेन: एक आवाजाची, एक रसायनाची किंवा डोळ्याची.

मोजण्याच्या पद्धतीतही एक सापळा आहे. जोर वाढवत नेताना जिथे पोकळ्या सुरू होतात, तिथेच त्या जोर कमी करताना थांबत नाहीत. एकदा सुरू झालेल्या पोकळ्या मिटताना नव्या बीजांचा सडा टाकतात, त्यामुळे खाली येताना बऱ्याच कमी जोरापर्यंत त्या चालू राहतात. म्हणून चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा नोंद करावी, दोन फेऱ्यांत पाणी बदलावं किंवा पुरेसा वेळ निवांत ठेवावं. शिवाय सुरुवात हा योगायोगाचाही खेळ आहे, बीज त्या क्षणी लहरीच्या जोरदार भागात सापडलं तरच पोकळी पडेल. म्हणून एकाच जोराला अनेकदा प्रयत्न करून किती वेळा पोकळी पडली ते लिहावं, आणि निम्म्या वेळा पडते त्या जोराला उंबरठा म्हणावं. ही शिस्त पाळली की दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी बोलू शकतात.

हे सगळं महागड्या उपकरणांचं काम आहे असं वाटत असेल, तर मी आजच्या व्याख्यानातली माझी आवडती सूचना करतो. सफाईयंत्रांत वापरला जाणारा २८ किलोहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर बाजारात मिळतो. त्याची निमपट कंप्रता होते १४ किलोहर्ट्झ. ती मोबाइल फोनच्या मायक्रोफोनच्या आवाक्यात आहे. आवाजाचा वर्णपट दाखवणारं एखादं मोफत ॲप घ्या, फोन भांड्याजवळ स्थिर ठेवा, जोर हळूहळू वाढवा आणि १४ वर टोक उभं राहतं का ते पाहा. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या कानाला १४ किलोहर्ट्झ ऐकू येत नाही, पण वर्गातल्या मुलांना येईल. पडताळणी मात्र हवी: विजेच्या मंडलातूनच ती निमपट कंप्रता निघत नाही ना, हे पाणी उकळून निववून पुन्हा तपासा. हवा काढलेल्या पाण्यात टोक उशिरा आलं तर साक्ष पाण्याची, आधीच्याच जोराला आलं तर यंत्रावर संशय घ्या. अनेक स्वस्त यंत्रांत वीज नीट सपाट केलेली नसते, त्यामुळे लहरीचा जोर सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो आणि पोकळ्याही तितक्याच वेळा सुरू होऊन थांबतात. ते गुणगुणणं वेगळं ओळखायला शिकावं. आणि शिक्षकांना एक विनंती: ट्रान्सड्यूसरवर शेकडो व्होल्ट असतात आणि चालू यंत्रात बोट घालणं घातक आहे, म्हणून प्रयोग त्यांच्याच देखरेखीखाली व्हावा.

आता हवेबद्दल एक गोष्ट, जिने या विषयाकडे बघण्याची माझी दृष्टी घडवली. पाण्यात हवा जास्त असली की पोकळी लवकर सुरू होते. पण तीच हवा पोकळीत शिरून मिटण्याचा तडाखा मऊ करते. हवा काढलेल्या पाण्यात पोकळी उशिरा सुरू होते आणि मिटते कडक. म्हणून सफाईयंत्र वापरणारे आधी काही वेळ ते वस्तू न घालता नुसत्या पाण्यावर चालवून पाण्यातली हवा घालवतात. सुरुवात लवकर होणं आणि परिणाम जोरदार होणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढता येत नाही.

धरणांच्या अभियंत्यांनी हवेच्या या दुसऱ्या गुणाचा उपयोग केला. १९८३ च्या पुरात अमेरिकेतल्या ग्लेन कॅनियन धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यांत वेगवान पाण्याने पोकळ्या पाडल्या, आणि काँक्रीट फोडून खालच्या खडकात प्रचंड खड्डे झाले. दुरुस्ती करताना बोगद्यात हवा ओढून घेणारे खोबणीसारखे मार्ग ठेवण्यात आले. १९५३ मध्ये पीटरका यांनी दाखवून दिलं होतं की पाण्यात सात-आठ टक्के हवा मिसळली तर काँक्रीटची झीज जवळपास थांबते. आपल्याजवळ खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून पाण्याच्या अशाच प्रश्नांवर काम करतं, आणि देशभरच्या धरणांच्या सांडव्यांच्या प्रतिकृती तिथे तपासल्या जातात. भाटघरचे ४५ स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात उघडतात तेव्हा आपण सगळे पुलावरून ते दृश्य पाहतो. त्या पाण्याचा वेग, दाब आणि त्यातली हवा यांचाही हिशेब असतो, हे मुलांना तिथेच उभं राहून सांगावं.

महाराष्ट्राचं या विषयातलं काम जगात ओळखलं जातं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जिला आपण जुन्या नावाने यूडीसीटी म्हणून ओळखतो, अनिरुद्ध पंडित, पराग गोगटे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॅव्हिटेशनचा रासायनिक उद्योगासाठी उपयोग करण्यावर अनेक वर्षं काम केलं. १९९३ मध्ये पंडित आणि जे. बी. जोशी यांनी तेलाच्या विघटनावर कॅव्हिटेशनचा परिणाम तपासला. ध्वनीऐवजी पाणी अरुंद छिद्रातून दाबून पोकळ्या पाडल्या तर ऊर्जा कमी लागते, हा त्यातला महत्त्वाचा धागा. २००१ मध्ये ज्योती आणि पंडित यांनी बोअरच्या पाण्यातले जंतू दोन्ही पद्धतींनी मारून त्यांची तुलना प्रसिद्ध केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विवेक रानडे आणि विनय भंडारी यांनी भोवऱ्याच्या आधाराने पोकळ्या पाडणाऱ्या, हलते भाग नसलेल्या साधनांवर काम केलं.

याच कामामुळे एक जबाबदारी येते. श्राव्यातीत ध्वनीने पाणी शुद्ध होतं, असं सांगून यंत्रं विकली जातात. तुमच्या ग्रामपंचायतीपुढे असा प्रस्ताव आला तर विक्रेत्याला वॉट विचारून थांबू नका. कॅव्हिटेशन सुरू झालं हे कशावरून तपासलं? कोणत्या पाण्यात? किती तापमानाला? पाण्यात हवा किती होती? आणि जंतूंची संख्या आधी व नंतर किती होती? ही पाच उत्तरं कागदावर मिळत नसतील तर पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोनोग्राफीबद्दल नेहमी विचारलं जातं, म्हणून थोडक्यात सांगतो. कंप्रता वाढली की ओढीचा काळ आखूड होतो आणि पोकळी पाडायला जास्त जोर लागतो. सोनोग्राफीत कंप्रता काही मेगाहर्ट्झ असते. शिवाय ओढीचा जोर आणि कंप्रता यांवरून एक यांत्रिक निर्देशांक काढतात, आणि तो १.९ च्या वर जाऊ नये अशी अमेरिकी नियामकांची मर्यादा आहे. शरीरात पोकळ्या पडण्याचा धोका लक्षात घेऊनच हा निर्देशांक आखला गेला. म्हणजे सुरुवात ओळखण्याचं हेच शास्त्र तिथे रुग्णाचं रक्षण करतं.

श्रोतेहो, शेवटी एक मागणं आहे. भोर आणि वेल्ह्याने धरणांसाठी आपली गावं आणि भातखाचरं दिली. त्या पाण्यावर दूरचे मळे आणि शहरं उभी आहेत. ज्यांनी पाणी दिलं त्यांच्या मुलांना त्या पाण्याचं विज्ञान इथेच शिकायला मिळालं पाहिजे. माझी सूचना अशी: दोन्ही तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी आणि माध्यमिक शाळांनी मिळून एक वही सुरू करावी. झरा, टाकं, बोअर, ओढा, धरण आणि उकळून निवलेलं पाणी, अशी सहा पाणी घ्यावीत. दर महिन्याला प्रत्येकाचं तापमान, हवेचा दाब, गढूळपणा, विरघळलेला ऑक्सिजन आणि पोकळी सुरू होण्याचा जोर, चढताना आणि उतरताना, नोंदवावा. कोणत्या खुणेवरून सुरुवात ठरवली, ते प्रत्येक नोंदीसमोर लिहावं. एका वर्षात ऊन, पाऊस आणि थंडीतलं पाणी कसं बदलतं याची शिस्तशीर नोंद हाती येईल, आणि ती मुलांनी स्वतः मिळवलेली असेल. या कामासाठी लागणारा खर्च एका शाळेला नाही, पण चार शाळांनी मिळून नक्की पेलता येईल. येत्या पावसाळ्याच्या आधी ही वही सुरू करा. नोंदी कशा घ्यायच्या हे शिकवायला बोलावलंत तर मी आनंदाने येईन.